क्विन्सचा जॅम, संत्र्या-लिंबाच्या साथीनं : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर लागला की आमच्या इथे, दक्षिण जर्मनीत, घरांच्या फाटकाबाहेर टोपल्या दिसायला लागतात. वर कागद चिकटवलेला : घेऊन जा, फुकट आहे. कधी सफरचंदं, कधी अक्रोड, आणि कधी नासपतीसारखी दिसणारी, ओबडधोबड, पिवळी, अंगावर राखाडी लव असलेली फळं. इथं नवा आलेला मराठी माणूस ती हौसेनं घरी नेतो, धुतो, दात लावतो आणि तोंड वाकडं करतो. फळ नासकं नसतं. ते क्विन्स असतं, आणि ते कच्चं खायचं नसतं.

कच्चं क्विन्स म्हणजे लाकूड आणि आवळा यांच्यामधलं काहीतरी. तुर्की भाषेत क्विन्सला आयवा म्हणतात, आणि ‘आयवा खाल्ला’ म्हणजे ‘पुरता फसला’. आमच्या कोपऱ्यावरच्या तुर्की दुकानदारानं हा वाक्प्रचार मला हसत हसत शिकवला, तेव्हा मी नुकताच तो अनुभव घेऊन आले होते. त्याच्याच दुकानात मग मी पहिली दोन किलो क्विन्स विकत घेतली. जगात सगळ्यात जास्त क्विन्स तुर्कस्तानातच पिकतं, त्यामुळे युरोपात कुठंही राहत असाल तर आधी तुर्की किंवा इराणी किराणा गाठा. सुपरमार्केटमध्ये मिळेलच याचा भरवसा नाही, मिळालं तर बहुधा हिरवट मिळतं.

भारतात ते काश्मीरमध्ये होतं. तिथं त्याला बमचूंठ म्हणतात आणि वांग्याबरोबर शिजवतात. महाराष्ट्राच्या बाजारात फळ सहसा दिसत नाही, पण त्याच्या बिया मात्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. काष्ठौषधीच्या दुकानात खोकल्यासाठी जो बिहीदाणा मिळतो, तो याच फळाचा. फक्त ‘बिही’ या नावावर विसंबून फळ मागवू नका. छत्तीसगडकडे पेरूला बिही म्हणतात.

आणि हा पेरूचा गोंधळ वाटतो तितका वावगा नाही. पोर्तुगीज भाषेत क्विन्सला मार्मेलू म्हणतात, त्याच्या साखरेत आटवलेल्या घट्ट वडीला मार्मेलादा. इंग्रजीतला ‘मार्मालेड’ हा शब्द तिथूनच आला. संत्र्याच्या सालीचा मार्मालेड फार नंतरचा, मूळ मान क्विन्सचा. पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा क्विन्सचं झाड काही त्या हवेत रुजण्यासारखं नव्हतं. त्याला फळ धरायला थंडी लागते. त्याच तऱ्हेची वडी तिथं पेरूची झाली, आणि नाताळच्या कुस्वारात, म्हणजे फराळात, आजही ती ‘पेराद’ म्हणून असते. पेराद खाल्ली असेल तर क्विन्सची जात तुम्हाला अर्धी कळलेली आहे : तोच रवाळपणा, तोच दाट सुगंध.

गंमत अशी की युरोपीय संघाच्या २००१ सालच्या नियमानुसार ‘मार्मालेड’ हे नाव बाजारात फक्त लिंबूवर्गीय फळांच्या जॅमला लावता येत होतं. ज्या फळावरून शब्द आला, त्यालाच त्यातून हाकललं. २०२४ मध्ये तो नियम जरा सैल करायचं ठरलं. आपण बरणीवर काय लिहायचं ते आपलं आपण ठरवू. आपल्या जॅममध्ये दोन्ही घराणी आहेत.

आधी एक सवय मोडायची

मी पहिल्या वर्षी जे चुकले ते जवळजवळ प्रत्येक मराठी घरातली व्यक्ती चुकेल, म्हणून आधीच सांगते. आपला हात पाकाचा आहे. साखरांबा असो, मोरावळा असो, आपण बोटांत पाक धरून तार बघतो. एकतारी, दोनतारी. क्विन्समध्ये ही परीक्षा चालत नाही, कारण इथं घट्टपणा नुसत्या साखरेच्या पाकामुळे येत नाही, पेक्टिनमुळे येतो.

पेक्टिन म्हणजे फळाच्या पेशींना धरून ठेवणारा डिंक. क्विन्समध्ये तो भरपूर असतो, विशेषतः सालीत आणि गाभ्यात. पाण्यात शिजवला की तो फळातून सुटतो. मग त्याला पुरेशी साखर आणि पुरेसा आंबटपणा मिळाला, की गार होताना त्याची जाळी विणली जाते आणि जॅम धरतो. ‘गार होताना’ हे शब्द महत्त्वाचे. गॅसवर तयार जॅम पातळच दिसतो. मी त्याला पातळ समजून तारेची वाट बघत अर्धा तास जास्त आटवलं. सकाळी बरणीत चमचा घातला तर चमचा वाकला. शेवटी बरणी गरम पाण्यात ठेवून तो ऐवज सैल केला, ताटात थापला आणि वड्या पाडल्या. न ठरवता मार्मेलादा झाला होता.

तर तारेला सुट्टी. तिच्या जागी काय, ते पुढे येईलच.

फळ कसं निवडायचं

पूर्ण पिवळं, हिरवी छटा नसलेलं, जड आणि वासाचं. खोलीत शिरताच वास आला पाहिजे, नाकाशी धरून हुंगावा लागला तर फळ अजून तयार नाही. हिरवट फळ असेल तर गार खोलीत, एकमेकांना न चिकटता, आठ-दहा दिवस ठेवा. पिवळं होतं, वास भरतो. सफरचंदांच्या शेजारी मात्र ठेवू नका, क्विन्सचा वास त्यांना लागतो. पूर्वी इथल्या बायका एखादं फळ कपड्यांच्या कपाटात ठेवायच्या, आपल्याकडे वाळा ठेवतात तसं. मी ठेवून पाहिलंय, छान वाटतं, फक्त विसरायचं नाही.

लव पिकताना आपोआप कमी होते. तीव्र डाग असलेलं, दाबलं तर बोट रुतणारं फळ घेऊ नका. खूप दिवस राहिलेलं फळ बाहेरून चांगलं दिसतं आणि आतून तपकिरी निघतं. थोडा तपकिरी भाग काढून टाकला तर चालतो. अतिपक्व फळात पेक्टिनही कमी झालेलं असतं, त्यामुळे दोन फळं जरा कडक, कमी पिकलेली असली तर उलट बरंच.

काय काय लागेल

क्विन्स दीड किलो, म्हणजे मध्यम आकाराची पाच-सहा फळं. साल आणि गाभा गेल्यावर साधारण एक किलो फोडी उरतात. कमी-जास्त उरल्या तर बाकी प्रमाण त्या हिशेबात बदला.

पाणी एक लिटर, आणि जवळ थोडं गरम पाणी वेगळं.

संत्री दोन, मोठी पिवळी लिंबं दोन. भारतात करत असाल तर पाच-सहा कागदी लिंबं. लिंबाचा रस एकूण ८० ते ९० मिलिलिटर भरला पाहिजे. मोसंबी इथं उपयोगाची नाही, तिच्यात आंबटपणाच नसतो. नागपुरी संत्रं रसाला उत्तम, पण त्याची साल सैल आणि पातळ असते, लांब पट्ट्या नीट निघत नाहीत. ती किसून घाला.

साखर ९०० ग्रॅम. साधी पांढरी.

बस. दालचिनीचा तुकडा किंवा दोन लवंगा ऐच्छिक. तुर्की घरांत लवंग घालतात आणि ती शोभते. वेलची घालायचा मोह होतो, तो आवरा. क्विन्सला स्वतःचा इतका वास आहे की वेलचीनं त्याची खीर होते.

जर्मनीत दुकानात जॅमसाठी पेक्टिन मिसळलेली खास साखर मिळते. पिशवीवर १:१, २:१, ३:१ असं लिहिलेलं असतं, पहिला आकडा फळाचा. स्ट्रॉबेरीला ती वरदान आहे. क्विन्सला नको. एक तर त्याचं स्वतःचं पेक्टिन पुरून उरतं, वरून आणखी घातलं की जॅम रबरासारखा होतो. दुसरं, त्या साखरेचा जॅम तीन-चार मिनिटांत उतरवायचा असतो, आणि क्विन्सचा रंग घाईनं येत नाही.

भांडं स्टीलचं, जाड बुडाचं, पसरट. साहित्य घातल्यावर अर्ध्याहून जास्त भरता कामा नये, कारण साखर घातल्यावर जॅम वर येतो. ॲल्युमिनियम किंवा कल्हई गेलेलं पितळेचं पातेलं नको, आंबट पदार्थ त्यांना खातो. याशिवाय जुन्या मलमलचा हातभर तुकडा, दोरा, लाकडी उलथनं आणि पाव किलोच्या सात बरण्या.

लव काढणं आणि कापणं

लव नुसत्या पाण्यानं जात नाही. जाड, खरबरीत पंचानं किंवा भाज्या घासायच्या ब्रशनं कोमट पाण्यात चोळा. लवेला कडसर चव असते, देठाच्या आणि टोकाच्या खळग्यात ती राहून जाते, तिथं बोट घालून घासा.

आता कापणं. हे सगळ्यात अवघड काम आहे आणि इथं हात कापून घेतलेली माणसं मला माहीत आहेत. लहान सुरी घेऊ नका. मोठी, धारदार, जड सुरी घ्या, खाली ओलं फडकं घालून पाट घट्ट बसवा. आधी दोन्ही टोकांच्या चकत्या काढा म्हणजे फळ उभं राहील, मग उभ्या बाजूनं कापत या. गाभ्यातून आरपार जायचा हट्ट नको. गाभ्याच्या चारी बाजूंनी चार काप काढले की मधला दगड तसाच राहतो.

सुरी चालतच नसेल तर अख्खी फळं १६० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा किंवा उकळत्या पाण्यात दहा मिनिटं सोडा. वरचा थर मऊ पडतो आणि सुरी शिरते. कुकर लावायचा विचार मनात येणारच. लावू शकता, पण फोडींचा पार लगदा होतो आणि पाण्याचा अंदाज राहत नाही. वडीसाठी तो चालेल, या जॅमसाठी नको.

गाभ्याजवळचा भाग वाळूसारखा दाताखाली येतो. तिथं कंजूषपणा करू नका, जाड काढा. फेकायचा नाहीच आहे तो. साल, गाभा, टोकं सगळं एका वाडग्यात जमा करा.

बियांबद्दल एक सूचना. सफरचंदाच्या बियांसारखंच त्यांच्यात अमिग्डॅलिन असतं, ज्यातून पोटात सायनाइड तयार होऊ शकतं. बी चावायची, ठेचायची, वाटायची नाही. अख्खी बी पोटलीत शिजवून काढून टाकायची पद्धत तुर्कस्तानात सर्रास आहे. तुम्हाला धाकधूक वाटत असेल तर बिया फेकून द्या, साल आणि गाभा पुरेसा आहे. मिक्सरमधून मात्र गाभा कधीच काढू नका.

फोडी साधारण एक सेंटिमीटरच्या करा आणि लगेच लिंबू पिळलेल्या पाण्यात टाका, नाहीतर त्या केळफुलासारख्या काळ्या पडतात. हेच लिटरभर पाणी पुढे शिजवायला वापरायचं, त्यातलं लिंबू हिशेबात धरायचं. घाई असेल तर छुंद्याला कैरी किसतो तसं जाड किसणीवर किसा. कीस वीस मिनिटांत शिजतो, पण जॅम फिकट राहतो आणि दाताखाली फोड येण्याचं सुख जातं.

संत्रं-लिंबू : कोणतं कधी

साल वापरायची असल्यानं फळ बघून घ्या. जर्मनीत जाळीवर ‘साल खाण्यासाठी नाही’ असं छापलेलं असतं, ती संत्री नकोत. सेंद्रिय घ्या. तीही गरम पाण्यात चोळून पुसा.

संत्र्याची नारिंगी साल सोलाण्यानं पट्ट्या-पट्ट्यांनी काढा, पांढरा भाग शक्यतो मागे सोडा, आणि पट्ट्या काडीइतक्या बारीक चिरा. या काड्या पहिल्यापासून क्विन्सबरोबर पाण्यात शिजवायच्या. साखरेत टाकलेली कच्ची साल पुढे कितीही उकळा, चामड्यासारखीच राहते. लिंबाची साल मात्र किसून बाजूला ठेवा, ती अगदी शेवटी. लिंबाचा वास सालीतल्या तेलात असतो आणि ते तेल वाफेबरोबर उडून जातं.

रस काढल्यावर उरलेला पांढरा भाग आणि बिया पेक्टिननं भरलेल्या असतात. एका संत्र्याचा पांढरा भाग आणि सगळ्या बिया पोटलीत जातील. सगळ्याच फळांचा पांढरा भाग घातलात तर कडवटपणा उतरेल. ज्यांना इंग्रजी पद्धतीचा कडसर मार्मालेड आवडतो त्यांनी खुशाल घालावा, माझ्या घरात बरणी तशीच राहिली होती.

पहिला टप्पा : पाणी, आच, सबुरी

क्विन्सची साल, गाभा, एका संत्र्याचा पांढरा भाग, संत्र्या-लिंबाच्या बिया, हे सगळं मलमलमध्ये सैल बांधा. घट्ट बांधलं तर पाणी आत फिरत नाही. पातेल्यात फोडी, त्यांचं लिंबूपाणी, संत्र्याच्या काड्या आणि पोटली. पाण्यात पिळलेलं धरून लिंबाचा अर्धा रस या टप्प्यात जायला हवा, कमी पडत असेल तर आता घाला. उकळी आली की आच मंद करा आणि झाकण ठेवा.

साखर अजून घालायची नाही. या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू दे. साखर घातली की ती फोडीतलं पाणी ओढून घेते, फोड घट्ट होते आणि मग तासभर उकळूनही मऊ होत नाही. मोरावळ्याला आवळा आधी वाफवून घेतो, त्याचं कारण वेगळं नाही.

पाऊण तासानं एक फोड चिमटीत धरा. सहज चिरडली गेली पाहिजे. नाही गेली तर आणखी पंधरा मिनिटं. पाणी आटून फोडी उघड्या पडल्या तर वेगळं ठेवलेलं गरम पाणी थोडं घाला.

या वेळात रंग बदलायला लागतो. फोडी आधी क्रीम रंगाच्या, मग पिवळसर, मग जर्दाळूच्या रंगाच्या. क्विन्सचा तुरटपणा ज्या टॅनिनांमुळे असतो, तीच रंगहीन टॅनिनं आंबट पाण्यात सावकाश तापली की फुटतात आणि त्यांतून लाल रंगद्रव्य तयार होतं. म्हणजे जे दातांना छळत होतं तेच पुढे बरणीत माणकासारखं दिसतं. पण सगळं क्विन्स सारखं लाल होत नाही. जातीवर आहे, पिकण्यावर आहे, आचेवर आहे. रंग गडद हवा असेल तर या टप्प्याला मंद आचेवर, झाकण ठेवून, दीड-दोन तास द्या. त्याहून जास्त नको, फार वेळ उकळलं की पेक्टिनही तुटायला लागतं. पहिल्या वर्षी नारिंगी-गुलाबी रंग आला तरी उत्तम झालं समजा. बिटाचा तुकडा वगैरे टाकू नका.

पोटली बाहेर काढा, चाळणीत ठेवून जरा निवू द्या, आणि मग दोन ताटल्यांमध्ये दाबून पिळा. बुळबुळीत, दाट, सब्ज्याच्या पाण्यासारखा चिकट द्रव निघेल. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो किळसवाणा वाटतो. तोच तुमचा जॅम धरणार आहे. शेवटच्या थेंबापर्यंत पिळून पातेल्यात घाला.

मग साधारण अर्ध्या फोडी पळीनं किंवा डाळ घोटायच्या रवीनं पातेल्यातच चेचा. अर्ध्या अख्ख्या राहू द्या.

दुसरा टप्पा : साखर आणि जोराची उकळी

संत्र्याचा रस, उरलेला लिंबाचा रस आणि सगळी साखर आता घाला. आच मंद ठेवून ढवळत राहा. उलथन्याला रवा लागेनासा झाला की मगच आच वाढवा. साखर विरघळायच्या आत उकळी आणली तर महिन्याभरानं बरणीत खडे दिसतात.

आता आच मोठी. झाकण नाही. जॅम फसफसून वर येईल, मोठमोठे बुडबुडे फुटतील आणि तोफगोळ्यांसारखे थेंब उडतील. लांब दांड्याचं उलथनं, पूर्ण बाह्या, आणि लहान मुलं स्वयंपाकघराबाहेर. साखरेचा चटका पाण्याच्या चटक्यासारखा नसतो, तो कातडीला चिकटून बसतो. बुडाशी लागू नये म्हणून दर मिनिटाला बूड खरवडत ढवळा. फेस शेवटी एकदाच काढा, सारखा काढत बसलात तर जॅमच कमी होईल.

पंधरा मिनिटांनी बुडबुड्यांचा आवाज बदलतो. आधी खळखळ असते, मग जाडसर ‘ब्लप ब्लप’. उलथन्यावरून थेंब एकेक न पडता कडेला जुळून पदरासारखा लोंबायला लागतो. तेव्हा परीक्षा घ्यायची.

तारेच्या जागी : गार बशी

कामाला लागण्याआधीच तीन बश्या फ्रीजरमध्ये ठेवून द्या. वेळ आली की आधी गॅस बंद करा. हे लोक विसरतात, आणि परीक्षा होईपर्यंत पातेल्यात जॅम पुढे निघून जातो. गार बशीवर चमचाभर जॅम टाका, मिनिटभर परत फ्रीजरमध्ये ठेवा, मग बोटानं हळूच ढकला. वर सुरकुत्या पडल्या आणि बोटामागची रेघ लगेच भरून आली नाही, तर झालं. पाण्यासारखा पळाला तर तीन मिनिटं उकळा आणि दुसरी बशी. सहसा दुसऱ्या-तिसऱ्या बशीला जमतं.

थर्मामीटर असेल तर समुद्रसपाटीला १०४ ते १०५ अंश सेल्सियस. उंचीवर राहत असाल तर हा आकडा उतरतो, दर ३०० मीटरला साधारण एक अंश. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथं १०३ ला थांबायला हवं. सोपा हिशेब : तुमच्याकडे पाणी ज्या अंशाला उकळतं त्यात साडेचार-पाच मिळवा. मी मात्र बशीवर जास्त विश्वास ठेवते. फळ दर वर्षी वेगळं असतं, थर्मामीटरला ते कळत नाही.

गॅस बंद केल्यावर फेस काढा, किसलेली लिंबाची साल घाला, लवंग-दालचिनी असेल तर बाहेर काढा. पाच-सात मिनिटं तसंच ठेवा. लगेच भरलं तर संत्र्याच्या काड्या आणि फोडी सगळ्या वर तरंगतात आणि खाली नुसती जेली राहते. थोडा दाट झाला की सगळीकडे सारख्या बसतात. पण फार निवू देऊ नका, भरताना जॅम ८५ अंशांच्या वरच हवा.

बरण्या

बरण्या साबणानं धुऊन ओल्याच ओव्हनमध्ये १२० अंशांवर वीस मिनिटं. ओव्हन नसेल तर दहा मिनिटं पाण्यात उकळा आणि स्वच्छ कापडावर उपड्या घाला. झाकणं ओव्हनमध्ये नकोत, त्यांचं रबर जातं. ती पाण्यात उकळा. गरम जॅम गरम बरणीत, वर सेंटिमीटरभर जागा सोडून. काठाला जॅम लागला असेल तर उकळलेल्या पाण्यात बुडवलेल्या कापडानं पुसा, नाहीतर बुरशीची सुरुवात तिथूनच होते. झाकण घट्ट लावा. इथं बरणी उलटी करून ठेवायची पद्धत आहे, मी करत नाही. त्यापेक्षा भरलेल्या बरण्या उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं ठेवणं जास्त खात्रीचं.

निवताना झाकणाचा ‘टक्‌’ असा आवाज येतो आणि मध्ये खळगा पडतो. आवाज न आलेली, झाकण दाबल्यावर वर-खाली होणारी बरणी फ्रीजमध्ये ठेवा आणि आधी संपवा.

बंद बरणी अंधाऱ्या, गार जागी वर्षभर टिकते. उघडल्यावर फ्रीजमध्ये, कोरडा चमचा, चार-सहा आठवडे. ‘साखर निम्मी घातली तर?’ हा प्रश्न दर वर्षी येतो. घाला, पण मग जॅम सैल होईल आणि बाहेर टिकणार नाही. साखर इथं गोडीपुरती नाही, ती जंतूंना पाणी मिळू देत नाही. मी स्वतः ७०० ग्रॅमपर्यंत उतरले आहे, त्या बरण्या थेट फ्रीजमध्ये गेल्या. वर बुरशी दिसली तर तेवढाच थर काढून खाऊ नका, अख्खी बरणी टाका.

बिघडलं तर

पहिल्या दिवशी पातळ वाटला तर हात लावू नका. क्विन्स धरायला कधी कधी दोन दिवस घेतं. तिसऱ्या दिवशीही वाहत असेल तर सगळा जॅम पातेल्यात काढा, एका लिंबाचा रस घाला, पाच मिनिटं जोरात उकळा आणि पुन्हा बशी. बहुतेक वेळा कमतरता आंबटपणाचीच असते.

फोडी कडक राहिल्या तर साखर लवकर पडली. त्यावर उपाय नाही, पुढच्या वेळी लक्षात ठेवा. आताचा जॅम गरम असतानाच चेचून घ्या.

फार घट्ट झाला तर माझ्यासारखं करा. थोडं पाणी घालून मंद आचेवर सैल करा, मग उलथन्यानं पातेल्याच्या बुडाशी रेघ ओढली की दोन क्षण बूड दिसत राहील इतका घोटा. तुपाचा हात लावलेल्या ताटात बोटभर जाडीचा थापा आणि जाळीच्या कपड्याखाली दोन-तीन दिवस सुकू द्या. स्पेनमध्ये अशी वडी मेंढीच्या दुधाच्या चीजबरोबर खातात. आमच्या घरी ती नाताळच्या फराळाच्या ताटात जाते, आणि गोव्याकडच्या मैत्रिणीनं पहिला तुकडा तोंडात टाकून विचारलं होतं, “पेर इतके लाल कुठे मिळाले गं?”

जॅम मात्र गरम पोळीवर, वर साजूक तूप. थालीपिठाबरोबरही जमतो, पण थालीपिठात लसूण असेल तर नाही.